'२ एमबी लाईन' म्हणजे नक्की किती? कोटेशनं चार, एककं चार

पतपेढी_परळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. परळला एका पतपेढीत नोकरीला आहे. मूळचा वसुली विभागाचा, पण 'याला कॉम्प्युटरमधलं कळतं' अशी एकदा आवई उठली आणि तेव्हापासून सगळ्या शाखांच्या नेटचं लचांड माझ्या गळ्यात आहे.

सध्याचा विषय असा. भांडुप शाखेचा बॅकअप रोज रात्री परळच्या मुख्य कार्यालयात यायला हवा. आत्ता तिथला शिपाई हार्ड डिस्क पिशवीत घालून लोकलने घेऊन येतो. ऑडिटरने त्यावर शेरा मारलाय, त्यामुळे कमिटी जागी झाली आणि कोटेशनं मागवली. आली ती अशी:

एकाने लिहिलंय '१६ एमबीपीएस लीज्ड लाईन, १:१' (म्हणजे भाड्याने घेतलेली आपली स्वतंत्र लाईन). दुसऱ्या एजंटने लेटरहेडवर पेनने '२ एमबी लाईन' एवढंच लिहून दिलंय. पुढे सेकंद नाही, काही नाही, आणि बी कॅपिटल काढलाय. तिसरा म्हणतो '१०० एमबीपीएसपर्यंत ब्रॉडबँड'. चौथ्याचं कोटेशन 'ई-वन, ८ नग' असं आहे, जणू खुर्च्याच मागवल्यात. वर भांडुपची जी जुनी लाईन आजही चालू आहे तिच्या करारात वेग 'एन × ६४, एन = ८' असा दिलाय.

मला हे सगळं एका तक्त्यात, एकाच एककात मांडायचंय आणि प्रत्येकाचा महिन्याचा भाव त्या एककाला किती पडतो ते काढायचंय. नेटवर कन्व्हर्टर आहेत, पण त्यात मेगाबिट, मेबिबिट, मेगाबाइट, मेबिबाइट असे पर्याय येतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

बॅकअपची फाइल विंडोजमध्ये १८ जीबी दिसते. वेळ रात्री ११ ते पहाटे ५. पाचला सर्व्हरवर दिवस सुरू करायचा प्रोग्रॅम लागतो, तोवर फाइल पोचलीच पाहिजे.

आमच्या धंद्यात कोणी नुसतं 'दीड टक्का' म्हणालं तर आम्ही आधी विचारतो, महिन्याला की सालाला? इथे एजंटला नेमका कुठला प्रश्न विचारायचा तेच कळत नाहीये.

आणि एक. आमचे एक ज्येष्ठ संचालक म्हणतात, 'आपल्या ईपीएबीएक्सला (ऑफिसातल्या फोनच्या एक्सचेंजला) पीआरआय लाईन आहे, ती २ एमबीची असते, तीच वापरा, नवीन खर्च कशाला?' त्यांना सभेत काय उत्तर देऊ?


घाटकोपर_केबल

८ ने भागा. १६ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २ एमबी. १०० म्हणजे साडेबारा. संपला विषय.

भांडुपला आपलं फायबर आहे, २०० देतो. व्यनि करा.


लूप_टाका

घाटकोपरकर, ८ ने भागायचं हे बरोबर. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आणि ८ बिटांचा एक बाइट. छोटा बी बिटाचा, कॅपिटल बी बाइटचा. पण विषय संपला कुठे? ८ ने भागायचं की नाही हेच त्या पेनवाल्या एजंटच्या कागदावरून कळत नाहीये.

पतपेढी, मी सगळी नोकरी ट्रान्समिशनमध्ये काढली, आता निवृत्त होऊन मुलुंडला असतो. तुमच्या पाच कागदांतला सगळ्यात जुना, तो 'एन × ६४' वाला, आधी हातात घ्या. बाकीचे बरेचसे त्यातूनच सुटतात.

टेलिफोनवर माणसाचा आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पाठवतात. तो आकड्यात पकडायचा तर सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि दर वेळी ८ बिटांत लिहायचा, असं ठरलं. ८,००० गुणिले ८ म्हणजे ६४,०००. एक कॉल म्हणजे ६४ केबीपीएस. डिजिटल एक्सचेंजमधलं पुढचं सगळं या विटेवर उभं आहे. आणि यातला किलो हा नुसता हजार आहे, १०२४ नाही. सेकंदाला ८,००० नमुने घ्यायचे ठरले, ८,१९२ नव्हे.

तुमची भांडुपची लाईन म्हणजे ८ × ६४ = ५१२ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबाइट. तिच्यावरून तुमची १८ जीबीची फाइल पाठवली तर साडेतीन दिवस लागतील. शिपाई डिस्क लोकलने आणतो त्यात वेडेपणा काही नाही. भांडुप ते परळ स्लो गाडीने, स्टेशनबाहेरचं चालणं धरून ४० मिनिटं म्हणा. तर त्या पिशवीचा वेग ६४ एमबीपीएस पडतो. कोटेशनं मांडाल तेव्हा हाही आकडा शेजारी ठेवा, कमिटीला गंमत वाटेल. ऑडिटरचा शेरा वेगाबद्दल नाही, डिस्क कुर्ल्याला गर्दीत हरवली तर काय, याबद्दल आहे.

आता ई-वन. असे ६४-६४ चे ३२ खण एकापाठोपाठ एक लावले की ई-वन. ३२ × ६४ = २०४८ केबीपीएस. हा आकडा बघून कॉम्प्युटरवाली मुलं खूश होतात, '१०२४ दुणे २०४८, म्हणजे बरोब्बर २ एमबी!' नाही. तो ३२ मुळे आला आहे. किलो हजाराचाच असल्यामुळे ई-वन म्हणजे २.०४८ मेगाबिट. रोजच्या बोलण्यात आम्ही पण 'टू एमबी'च म्हणायचो. 'टू एमबी डाऊन आहे', 'टू एमबीला लूप दे'. आमच्या आपसात त्याचा घोळ कधी झाला नाही, कारण एक्सचेंजमध्ये बाइट कोणी बोलतच नव्हतं. तुमचा एजंट बहुधा अशाच कोणाच्या हाताखालून आलेला आहे आणि त्याची २ एमबी म्हणजे मेगाबिटच असणार. पण हा माझा अंदाज. तुम्ही लेखी घ्या.

३२ खणांतला शून्य नंबरचा खण सिंक्रोनायझेशनला जातो, म्हणजे समोरच्या टोकाला फ्रेम कुठून सुरू झाली ते कळायला. आवाजाच्या लाईनवर १६ नंबरचा सिग्नलिंगला जातो, उरतात ३०. डेटाला दिली तर १६ मोकळा करता येतो, मग ३१ खण, १.९८४ मेगाबिट. तुमच्या ८ नगांचं गणित: कागदावर १६.३८४, हातात १५.८७२. म्हणजे पहिलं कोटेशन आणि चौथं कोटेशन ही जवळजवळ एकच वस्तू आहे. फरक एवढाच की ८ ई-वन जोडून एक करायला दोन्ही टोकांना एक जादा डबा लागतो आणि बिघडायच्या जागा आठपट.

बिघडायच्या जागा म्हणजे काय ते सांगतो, कारण कोटेशनमध्ये हे कोणी लिहिणार नाही. एका ई-वनला कोॲक्सच्या दोन वायरी, एक जायची, एक यायची. डीडीएफवर, म्हणजे जिथे या सगळ्या वायरी येऊन टेकतात त्या लोखंडी चौकटीवर, शेकड्याने टोकं असतात, प्रत्येकाला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं नाव. पावसाळ्यात ती शाई पसरते. एक टोक ढिलं झालं की पलीकडे लाल दिवा. मग फोनवर ओरडायचं, 'लूप टाक!' की तिकडचा माणूस जायची वायर यायच्या वायरीला जोडतो आणि आपण पाठवलेले बिट आपल्याकडेच परत येतात. टेस्टरवर २०४८ आणि खाली एरर शून्य आलं की पलीकडच्या टोकापर्यंत लाईन स्वच्छ. माझ्या नावाचा उगम तोच.

त्या टेस्टरला घड्याळातला फरक ५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ५०, चालतो. २०,४८,००० बिटांत १०२ बिट इकडेतिकडे. जिथे १०२ बिटांवर भांडण व्हायचं तिथे हजाराच्या जागी १०२४ धरून सरळ २.४ टक्क्यांची चूक कोण खपवून घेईल?

संचालकांच्या पीआरआयबद्दल. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. पीआरआय ई-वनवरच येते. पण तिच्यातले ३० खण एक्सचेंजकडे कॉलसाठी जातात, १६ वा डी-चॅनल म्हणून त्या कॉलांची बोलणी करतो. ती लाईन भांडुपला जात नाही, टेलिफोन एक्सचेंजमध्ये जाते. त्यांना सभेत एवढंच विचारा, की रात्रभर पतपेढीचे फोन बंद ठेवून आणि ती लाईन भांडुपला वळवून सुद्धा फाइलला २१ तासांहून जास्त लागणार आहेत, तर पुढे काय करू?


पतपेढी_परळ

काका, दंडवत. पिशवीचा आकडा तर सभेत सांगणारच.

एक शंका. १६ एमबीपीएसवर किती वेळ लागेल ते मी असं काढलं: १८ गुणिले ८ बरोबर १४४ गिगाबिट, म्हणजे १,४४,००० मेगाबिट, भागिले १६, उत्तर ९,००० सेकंद, अडीच तास. पण तुमचे साडेतीन दिवस त्या रीतीने काढले तर थोडे कमी भरतात. ५१२ केबीपीएसला मला ७८ तास आले, तुमचे ८४ होतात.


रात्रपाळी

तो फरक माझ्या प्रांतातला, म्हणून मी सांगते. (पवईला एका डेटा सेंटरमध्ये सर्व्हर सांभाळते, त्यामुळे बॅकअपच्या वेळा हाच माझा संसार.)

विंडोज जीबी लिहिते पण मोजते १०२४ × १०२४ × १०२४ ने. तुमचे १८ जीबी म्हणजे प्रत्यक्षात १९.३३ अब्ज बाइट. त्याला ८ ने गुणलं की १५४.६ गिगाबिट, १४४ नाही. गिगाच्या पायरीला हा फरक ७.४ टक्के होतो, किलोला २.४ असतो, टेराला जवळपास १०. पायरीगणिक वाढत जातो. तुम्ही १ टीबीची हार्ड डिस्क घेता आणि विंडोज ९३१ जीबी दाखवते तेही याचमुळे. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात. मॅकवाल्यांनी २००९ पासून हजारानेच दाखवायला सुरुवात केली, तिथे हीच फाइल १९.३३ दिसेल.

कन्व्हर्टरमधले मेबि-गिबि वाले पर्याय १०२४ च्या हिशोबाचे. गोंधळ मिटावा म्हणून आयईसी या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९८ मध्ये ती नावं आणली. लाईनचा वेग बदलायचा असेल तर त्या पर्यायांना हात लावू नका. मेगाबिट आणि मेगाबाइट, बस. फाइलचा आकार विंडोजमधून उचललात तर तेवढ्यापुरतं गिबिबाइट निवडा.

आता दुसरी गळती. लाईनवरून नुसती तुमची फाइल जात नाही, दर पाकिटावर पत्ते वगैरे असतात. इथरनेटवर १,४६० बाइट माल न्यायला तारेवर १,५३८ बाइटांची जागा जाते. म्हणजे फार तर ९५ टक्के. व्हीपीएन, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून माल कुलूपबंद करून पाठवायची सोय, लावलात (लावाच, सभासदांची खाती आहेत ती) तर अजून थोडं कमी. मग १६ एमबीपीएसला वेळ येतो २ तास ५० मिनिटं, व्हीपीएनसकट तीन तास धरा. तुमच्या सहा तासांत आरामात.

उलटं काढू. सहा तासांत १८ जीबी न्यायला कमीत कमी किती हवं? १५४.६ गिगाबिट भागिले २१,६०० सेकंद, ७.१६ एमबीपीएस, गळती धरून साडेसात. म्हणून कोणी १० चं कोटेशन घेऊन आलं तर आज चालेल, साडेचार तासांत होईल. पण फाइल २५ जीबी झाली की १० ला सव्वासहा तास लागतात आणि तुमचा पाचचा प्रोग्रॅम अर्धवट फाइलवर चालेल. हे मी दुसऱ्या एका ठिकाणी बघितलंय. सकाळी काउंटर उघडला तेव्हा आदल्या दिवसाच्या शिलका.

आणि लाईन सुरू झाल्यावर कॉपीच्या खिडकीत १६ काय, २ सुद्धा दिसणार नाही. १.८ दिसेल. विंडोज तिथे मेगाबाइट दाखवते आणि तिथेही १०२४ ने भागते. तो आकडा बघून कोणाला फोन करू नका, ती लाईन ठणठणीत आहे. १०० च्या लाईनवर असाच ११.३ च्या आसपास दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. तुमच्यासाठी भांडुपचा अपलोड मोजायचा, डाऊनलोड नाही. '१०० एमबीपीएसपर्यंत' मधला १०० बहुतेक वेळा खाली यायचा वेग असतो. वर जायचा किती, तो दोन शब्दांत लिहून घ्या. लीज्ड लाईनला १:१ लिहिलंय म्हणजे ती क्षमता दुसऱ्या कोणाबरोबर वाटलेली नाही, आणि सहसा दोन्हीकडे सारखीच असते. पण तेही विचाराच.


घाटकोपर_केबल

ताई, 'पर्यंत' वर नेहमीच आमची धुलाई होते, म्हणून खरं ते सांगतो. जीपॉनच्या, म्हणजे आमच्या फायबरच्या यंत्रणेच्या, एका पोर्टवरून खाली २.४८८ गिगाबिट येतं, वर १.२४४. त्यावर स्प्लिटर लावून आम्ही ३२ घरं जोडतो, कुणी ६४ पण जोडतात. ३२ घरांनी एकदम पूर्ण खेचलं तर प्रत्येकी खाली ७७, वर ३८ पडेल. पण एकदम कुणी खेचत नाही, म्हणून १०० काय, २०० पण विकता येतं. रात्री ९ ते १२ सगळी चाळ सिरीज बघत असते तेव्हा थोडं बसतं. १ नंतर रस्ता मोकळा. आणि सिरीज बघणारे खाली खेचतात, ह्यांचा बॅकअप वर जाणार. त्यामुळे पतपेढीचं काम आमच्या लाईनवर पण होऊन जाईल. फक्त लिहून द्या म्हणाल तर 'पर्यंत' काढता येत नाही आम्हाला.


लूप_टाका

हे बोललात ते आवडलं. आणि तुमच्या त्या २.४८८ मध्ये कोण लपलंय बघा.

ई-वनच्या वरची आमची शिडी म्हणजे एसटीएम. एसटीएम-१ ची एक फ्रेम ९ ओळी आणि २७० रकान्यांची, २,४३० बाइट. अशा सेकंदाला ८,००० फ्रेम, म्हणजे १५५.५२ मेगाबिट. त्यात ६३ ई-वन बसतात. चौपट केलं की एसटीएम-४, ६२२.०८. पुन्हा चौपट, एसटीएम-१६, २,४८८.३२. ओळख पटली? घाटकोपरकरांच्या पोर्टवरून जे खाली येतं ते हेच. जीपॉनची एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची, ३८,८८० बाइटांची. सेकंदाला ८,००० फ्रेम. टेलिफोनवरचा आवाज मोजायला धरलेले ८,००० अजून चाळीतल्या सिरीजच्या तारेत धडधडतायत. आमच्या वेळचे साहेब म्हणायचे की हे इंटरनेट आलं, आता तुमचे खण गेले. खण गेले, ठोका राहिला.

रात्रपाळी, तुमचं गणित चोख आहे. मेबि, गिबि हे प्रकार मात्र माझ्या नोकरीत कधी कानावर आले नाहीत आणि लाईनवर त्यांचं काम पण नाही, हे तुम्हीच म्हणालात ते बरं केलंत.


रात्रपाळी

काका, लाईनवर नाही, पण फाइल डिस्कवर असते ना. भागाकाराच्या वर १०२४ आणि खाली १००० असे दोघं बसलेत, ते वेगळे ओळखता आले नाहीत तर पुन्हा पतपेढीचे अडीच तास.


लूप_टाका

मान्य. वर तुमचं राज्य, खाली आमचं.


मोडेम_गिरगाव

बॉड राहिला की हो काका! आम्ही मोडेमवर वाढलेली माणसं.


लूप_टाका

बॉड म्हणजे सेकंदाला चिन्ह किती वेळा बदललं ते. एका चिन्हात चार बिट बसवले की २४०० बॉडवर ९६०० बिट जातात. ९६०० च्या मोडेममध्ये हेच चालायचं. पतपेढीला याचा काही उपयोग नाही. कोटेशनमध्ये कोणी बॉड लिहिला तर ते कोटेशन संग्रहालयात द्या.

पण मोडेमवरून आठवलं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं तेव्हा डायल-अपला ९.६ केबीपीएस मिळायचं. तुमची ही एका रात्रीची फाइल त्यावर न तुटता पाठवायला सहा महिने लागले असते. पुढे २००४ च्या धोरणात सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या केली, किमान २५६ केबीपीएस. २०१३ ला ती ५१२ झाली, २०२३ ला २ एमबीपीएस. म्हणजे तुमच्या भांडुपच्या ५१२ ला २०१३ मध्ये ब्रॉडबँड म्हणता येत होतं, आज सरकारी व्याख्येनेही येत नाही. नवी लाईन का हवी याला हा मुद्दा सभेत लावून धरा, संचालकांना सरकारी आकडा पटतो. या व्याख्यांतले सगळे आकडे बिटांतले आहेत हेही सांगा.


पतपेढी_परळ

सगळ्यांचे आभार. तक्ता झाला. सगळं एमबीपीएसमध्ये, मेगाबिट, हजाराच्या हिशोबाने, आणि फक्त भांडुपचा अपलोड. शेजारी १८ जीबीला लागणारा वेळ आणि त्याच्याशेजारी २५ जीबीला लागणारा.

एजंटला फोन केला. काकांचा अंदाज बरोबर: त्याची '२ एमबी' म्हणजे २ मेगाबिटच. विचारलं, बी कॅपिटल का काढला? म्हणाला, 'साहेब, सगळे असंच लिहितात.' म्हणजे साडेएकवीस तास, तेही गळती न धरता. मेगाबाइट धरून मी त्याला १६ च्या रांगेत बसवला होता आणि तिथे तो सगळ्यात स्वस्त दिसत होता. आता एमबीपीएसमागे भाव काढला तर तोच सगळ्यात महाग.

ई-वनवाल्यांचा भाव १६ वाल्याच्या बराच वर गेला, शिवाय त्या जोडायच्या डब्यांचं भाडं वेगळं, म्हणून ते बाद. १०० वाल्यांनी अपलोड ४० 'पर्यंत' लिहून दिलाय. अर्थातच सगळ्यात स्वस्त. कमिटीचा कल १६ च्या लीज्ड लाईनकडे आहे, आणि तिला काही झालं तर जोडीला हे ब्रॉडबँड.

संचालक साहेबांना पीआरआयचं सांगितलं. ते म्हणाले, 'मग रात्री ३० जण फोनवर बोलतात तरी कशाला?' यावर मी काही बोललो नाही.

करारावर सही करण्याआधी अजून काय बघू?


रात्रपाळी

वेगासमोर 'मेगाबिट प्रति सेकंद, भांडुप ते परळ आणि परळ ते भांडुप' असं अक्षरी लिहून घ्या, चेकवर रक्कम लिहिता तसं. एमबी हे अक्षरच करारात नको. महिन्यात किती तास बंद चालेल आणि त्यावर किती कापून घ्याल, हे वेगळ्या कलमात.

सर्व्हर पुढेमागे परदेशातल्या क्लाउडवर न्यायचा विचार असेल तर पुन्हा विचारा. मुंबईतल्या मुंबईत पाकीट पाच-दहा मिलिसेकंदांत जाऊन येतं, तिथे काही वाटत नाही. लांबच्या सर्व्हरला ६० मिलिसेकंद लागले आणि जुन्या सॉफ्टवेअरची विंडो (पोच यायची वाट न बघता एकदम पाठवता येतो तेवढा माल) ६४ किलोबाइटवर अडकलेली असली तर लाईन १०० ची असूनही पावणेनऊ एमबीपीएसच्या वर जात नाही. त्यात लाईनवाल्याचा दोष नसतो.


लूप_टाका

सहीच्या आधी ॲक्सेप्टन्स टेस्ट, म्हणजे लाईन ताब्यात घेण्याआधीची चाचणी. २४ तास, दोन्ही टोकं, त्यांच्याच माणसाकडून, आणि रिपोर्टवर त्याची सही. टेस्ट भांडुपच्या तुमच्या राउटरपासून परळच्या तुमच्या राउटरपर्यंत घ्यायची. त्यांच्या एक्सचेंजपर्यंतची दाखवून निघून जातात, तसं चालू देऊ नका. रात्री ११ ते ५ चा तुकडा वेगळा बघा. १६ च्या जागी १५.९ आलं तर सही करा. १४ आलं तर लूप टाकायला सांगा.


पतपेढी_परळ

लूप टाका म्हटलं की त्यांना कळेल ना?


लूप_टाका

कळेल. ज्याला कळलं नाही त्याच्याकडून लाईन घेऊ नका.


घाटकोपर_केबल

आम्हाला कळतं हो काका.